मधली दोन वर्षं: पतीच्या निधनानंतर फाइलिंग स्टेटस ठरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पगाराचे आकडे सोपे करून घेतले आहेत. त्या आकड्यांवरचा टॅक्स मात्र त्या त्या वर्षाच्या नियमांप्रमाणे काढलेला आहे.

मी इथे टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम करतो. या घरातल्या यजमानांशी माझी ओळख मंडळाच्या गणपतीत झाली होती. त्यांच्या पत्नीला मी तेव्हापासून वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

डिसेंबर २०२२ मध्ये हे दोघं आठ वर्षांच्या मुलाला घेऊन सुट्टीसाठी पुण्याला गेले. २७ डिसेंबरला यजमान हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ४४. वहिनी मुलाला घेऊन फेब्रुवारीच्या मध्याला परतल्या, त्या महिना २,४५० डॉलर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. दोघांकडे ग्रीन कार्ड होतं, मुलाचा जन्म इथलाच. २०२२ मध्ये यजमानांचा पगार १,१८,००० डॉलर आणि वहिनींचा ८४,००० डॉलर होता. बँक, विमा, टॅक्स हे सगळं यजमान बघत. वहिनी दरवर्षी दाखवलेल्या जागी सही करत.

मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला. "भाऊजी, त्या फॉर्मवर आता मी काय लिहायचं? सिंगल?"

अडचण

त्यांना हा शब्द लिहायचा नव्हता, आणि कायद्यालाही तो त्यांच्याकडून नको होता. अमेरिकेत फाइलिंग स्टेटस, म्हणजे रिटर्न कोणत्या गटात भरायचं ते, साधारणपणे ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित होता की नाही यावर ठरतं. जोडीदार त्या वर्षात गेला असेल आणि तुम्ही वर्ष संपण्याआधी दुसरं लग्न केलं नसेल, तर मात्र ते संपूर्ण वर्ष तुम्ही विवाहितच धरले जाता. त्यामुळे २०२२ साठी त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: जॉइंट (दोघांचं मिळून एक रिटर्न) किंवा मॅरिड फाइलिंग सेपरेट (विवाहित, पण वेगळं रिटर्न).

पुढच्या दोन वर्षांसाठी आणखी एक स्टेटस आहे, क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस, म्हणजे अटींत बसणारा हयात जोडीदार. २०२१ च्या रिटर्नपर्यंत त्याच्या नावात 'विडो' हा शब्द होता, २०२२ पासून नाव बदललं. यात जॉइंटचेच स्लॅब आणि जॉइंटइतकंच स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. अट अशी, की तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल वर्षभर तुमच्या घरात राहिलं पाहिजे, घर चालवण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केला पाहिजे, आणि तुम्ही पुन्हा लग्न केलेलं नसलं पाहिजे. 'नवरा गेल्यावर दोन वर्षं जॉइंटचा फायदा मिळतो' असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं, ते चूक आहे. मूल नसेल तर पुढच्याच वर्षी बहुतेकांना सिंगल म्हणून भरावं लागतं.

वहिनींच्या बाबतीत निर्णयाच्या तीन जागा आल्या. पहिली मला दिसली. दुसरी मी चुकवली. तिसरीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो.

पहिला निर्णय: २०२२, जॉइंट की सेपरेट

एरवी हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. निधनाच्या वर्षी जॉइंट बहुतेक वेळा फायद्याचं असतं आणि कोर्टाने एक्झिक्युटर (मृताची मालमत्ता आणि देणी बघणारी व्यक्ती) नेमलेला नसेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराच्या एकट्याच्या सहीवर ते भरता येतं. इथे अडलं ते पुण्याच्या कपाटात सापडलेल्या दोन पावत्यांवर.

यजमानांच्या नावे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयाच्या खात्यात) दोन एफडी होत्या, दुसरं नाव त्यांच्या आईचं. एकूण साधारण २६ लाख रुपये, वर्षाचं व्याज दीडेक लाखाच्या आसपास, म्हणजे २,००० डॉलरच्या घरात. बँकेने भारतात ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापलेला होता. तिथे टॅक्स कापला गेला म्हणजे विषय संपला, असं यजमानांनी धरलं असावं. ग्रीन कार्डधारकाला मात्र जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नवर दाखवावं लागतं. परदेशातल्या खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हा वेगळा अहवालही द्यावा लागतो. आधीच्या वर्षांत यातलं काहीच झालेलं नव्हतं.

जॉइंट रिटर्नवर सही केली की संपूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर एकत्र आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही येते. वहिनींना काळजी होती, की अजून काही निघालं तर? हा प्रश्न रास्त होता. मी दोन्ही बाजूंचं गणित मांडलं. सेपरेट भरलं असतं तर टॅक्स सुमारे ३६० डॉलरने वाढला असता, आणि शाळेनंतरच्या पाळणाघराच्या खर्चावर मिळणारी ६०० डॉलरची सूट गेली असती. एकूण फरक ९६० डॉलर. मला तो याहून मोठा असेल असं वाटलं होतं. एवढ्या रकमेत वेगळं राहता येत असेल तर ती वाट आपोआप बाद ठरत नाही.

आणखी एक गोष्ट सेपरेटच्या बाजूची होती. सेपरेट भरून नंतर तीन वर्षांच्या आत जॉइंटमध्ये बदलता येतं. जॉइंट भरलं आणि मुदत उलटली, की सेपरेटकडे परतता येत नाही. याला अपवाद एकच: मृताच्या वतीने नंतर नेमलेला प्रतिनिधी ठरावीक मुदतीत ते जॉइंट रिटर्न नाकारू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी सेपरेट, हा सल्ला चुकीचा नाही.

तरी आम्ही जॉइंटच ठरवलं. वहिनींनी आधीच्या वर्षांच्या जॉइंट रिटर्नवर सह्या केलेल्याच होत्या. २०२२ सेपरेट भरल्याने ती जुनी जबाबदारी सुटणार नव्हती. २०२२ पुरतं म्हणाल तर त्यांची भीती अज्ञात गोष्टीची होती, आणि अज्ञात कमी करायला वेळ हवा होता. म्हणून १८ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून १६ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत वाढवून घेतली. ही मुदतवाढ रिटर्न भरण्यासाठी असते, पैसे भरण्यासाठी नसते. पगारातून कापलेला टॅक्स पुरेसा होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

त्या सहा महिन्यांत वहिनींच्या दिरांनी पुण्यातून फॉर्म २६एएस आणि १६ए (भारतात कापलेल्या टॅक्सची नोंद) आणि बँकेची स्टेटमेंट मिळवली. यजमानांच्या पॅनवर आणखी कुठे व्याज किंवा टीडीएस दिसतो का ते तपासलं. काहीही नव्हतं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये व्याज दाखवून जॉइंट रिटर्न भरलं. भारतात कापलेल्या टॅक्सपैकी भारत-अमेरिका करारातल्या १५ टक्क्यांपुरतंच क्रेडिट इथे घेता आलं, जास्तीचा टीडीएस भारतातल्या रिटर्नमधून परत मागायचा होता. रिटर्नवर यजमानांच्या नावापुढे 'डिसीज्ड' आणि तारीख लिहिली, सहीच्या जागी 'फाइलिंग ॲज सर्व्हायव्हिंग स्पाउस'. कागद पुढे केला तेव्हा वहिनी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. मी घाई केली नाही. या कामात हे दोन शब्द मी अनेकदा टाइप केले आहेत, पण समोरच्यासाठी ते पहिल्यांदाच असतात.

जुन्या वर्षांसाठी मी त्यांना टॅक्सच्या वकिलाकडे पाठवलं. मुद्दाम न केलेल्या चुकांसाठी स्ट्रीमलाइन्ड नावाची एक योजना आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना त्यात तीन वर्षांची दुरुस्त रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि त्या परदेशी रकमेवर ५ टक्के दंड असा हिशेब असतो. इनोसन्ट स्पाउस रिलीफचाही, म्हणजे जोडीदाराच्या चुकीच्या जबाबदारीतून सूट मागण्याचाही, विचार झाला. रक्कम लहान होती आणि वहिनींना हे प्रकरण लढण्यापेक्षा संपवायचं होतं, म्हणून तो बाजूला ठेवला. त्या ठेवी पुढे सासूबाईंच्या नावावर गेल्या.

दुसरी जागा: २०२३, जिथे विचारच झाला नाही

सप्टेंबरमध्ये रिटर्न गेलं, कॉपी फाइलला लावली, आणि मी या कामातून मोकळा झालो. पुढच्या वर्षी काय होईल हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण जे माहीत नाही ते माणूस विचारणार कसं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये वहिनींनी सॉफ्टवेअरवर स्वतःच रिटर्न भरलं. मला पुन्हा त्रास नको, असं त्यांच्या मनात होतं. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, "मूल आहे ना, मग हेड ऑफ हाउसहोल्ड." त्यांनी तेच निवडलं, म्हणजे मुलासह घर चालवणाऱ्या एकट्या व्यक्तीचं स्टेटस. हे ऐकायला बरोबर वाटतं आणि सिंगलपेक्षा स्वस्तही पडतं, म्हणूनच ही चूक सहज पचते. क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउसच्या अटी पूर्ण होत असतील तर त्या वर्षी हेड ऑफ हाउसहोल्ड लागूच होत नाही.

२०२३ साठी त्या सर्व अटींत बसत होत्या. जानेवारी-फेब्रुवारीतलं पुण्याचं वास्तव्य तात्पुरतं होतं, बाकी वर्षभर मुलगा घरीच होता. घरखर्चाच्या हिशेबात भाडं, वीज, गॅस, भाडेकरूचा विमा, घरात खाल्लेलं अन्न एवढंच धरतात. कपडे, शाळा, औषधं, गाडी त्यात येत नाहीत. मुलाला वडिलांच्या सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शन योजनेतून) दरमहा पैसे येत होते. ते पैसे मुलाचे असतात, म्हणून वहिनींनी केलेल्या खर्चात ते धरले नाहीत. त्यांच्या पगारातूनच खर्चाचा बहुतेक भाग भागत होता.

पगार ९२,००० डॉलर. तीन स्टेटसनी येणारा टॅक्स, मुलाचं २,००० डॉलरचं क्रेडिट वजा करण्याआधी, साधारण असा होता: सिंगल म्हणून १२,५००, हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून ९,३६५, क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस म्हणून ७,२७६. म्हणजे त्यांनी सुमारे २,०९० डॉलर जास्त भरले होते. जवळजवळ एका महिन्याचं भाडं.

हे मला कळलं ते मे २०२४ मध्ये, दुसऱ्याच विषयावर बोलताना. फॉर्म १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरून स्टेटस दुरुस्त केलं. परतावा मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उशीर झालेला नव्हता. न्यू जर्सीत हेड ऑफ हाउसहोल्ड आणि हयात जोडीदार दोघांनाही जॉइंटचाच दरतक्ता लागतो. राज्याच्या टॅक्सवर म्हणून परिणाम झाला नाही, पण दोन्हीकडे एकच स्टेटस असावं म्हणून राज्याचंही दुरुस्त केलं.

तिसरा निर्णय: २०२४, पुण्याची शाळा आणि भावाचं घर

मे महिन्यातला तो फोन खरं तर मुलाबद्दल होता. मुलगा रात्री झोपेतून उठून बसायचा, शाळेत बोलायचा नाही. आजी-आजोबांशी मात्र व्हिडिओ कॉलवर तासभर गप्पा. सासूबाई म्हणत होत्या, "जूनपासून इथल्या शाळेत घालू, दिवाळी करून पाठवते." त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातला भाऊ म्हणत होता, की अपार्टमेंट सोड आणि आमच्याकडे ये, एकटी किती दिवस काढणार?

वहिनींना दोन्ही हवंसं वाटत होतं. "भाऊजी, याचा टॅक्सशी काही संबंध नाही ना?" असं त्यांनी जाता जाता विचारलं. संबंध होता, आणि तोही स्टेटसच्या मुळाशी.

भावाचं घर घेतलं तर घर चालवणारा भाऊ. वहिनी महिन्याला काही रक्कम देणार होत्या, पण ती त्या घराच्या निम्म्या खर्चाच्या जवळपासही जात नव्हती. मग क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस जातं, आणि घरखर्चाची तीच अट असल्याने हेड ऑफ हाउसहोल्डही जातं. उरतं सिंगल. ९५,००० च्या पगारावर हा फरक होतो सुमारे ५,३०० डॉलर. पण मी त्यांना हेही सांगितलं, की सहा महिन्यांचं वाचलेलं भाडंच १४,७०० डॉलर होतं. भावाकडे जाण्याने मन स्थिरावणार असेल तर टॅक्ससाठी ते अडवू नका. शेवटी त्यांनी अपार्टमेंट ठेवलं ते वेगळ्याच कारणाने: मुलाची शाळा तिथली होती आणि परतल्यावर त्याला तिसरी शाळा नको होती.

पुण्याचा प्रश्न नाजूक होता. मूल वर्षभर घरात राहिलं पाहिजे, पण शिक्षण, आजारपण, सुट्टी अशा कारणांनी तात्पुरतं बाहेर असेल तर तो काळ घरातलाच धरतात. त्यासाठी मूल परत येईल असं मानायला आधार हवा आणि तुम्ही ते घर त्याच्यासाठी चालू ठेवलेलं हवं. पाच महिने परदेशातल्या शाळेत, हे तात्पुरतं की स्थलांतर? माझ्या मते तात्पुरतं. पण हे ठरतं परिस्थितीवरून आणि कागदांवरून, माझ्या मतावरून नाही. म्हणून मी खालचा मजला आधी तपासला. तपासणीत 'तात्पुरतं' मान्य झालं नाही तर काय? मुलगा सहा महिन्यांहून जास्त काळ घरी राहिलेला असेल तर हेड ऑफ हाउसहोल्ड तरी टिकतं आणि नुकसान २,००० डॉलरच्या आसपास थांबतं. तो जानेवारी ते नोव्हेंबर बाहेर राहिला असता तर सगळंच 'तात्पुरतं' या एका शब्दावर लटकलं असतं. सासूबाईंची योजना जून ते नोव्हेंबर अशी होती, ती नेमकी या मर्यादेत बसत होती.

आजींनाच व्हिजिटर व्हिसावर इथे बोलवायचा पर्यायही बोलून झाला. आजोबांचे गुडघे आणि एकटेपण बघता तो कोणालाच पटला नाही.

काय केलं, काय झालं

मुलगा २४ जूनला गेला. तिकीट परतीचं, २० नोव्हेंबरचं. इथल्या शाळेला लेखी कळवलं की तो नोव्हेंबरमध्ये परतेल. पुण्याच्या शाळेकडून 'तात्पुरता प्रवेश' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घेतलं. लीज, विजेची बिलं, विम्याची पावती, दोन्ही तिकिटं एका पाकिटात. २०२३ च्या दुरुस्तीचा परतावा आणि त्यावरचं व्याज सप्टेंबरमध्ये आलं. ते व्याज उत्पन्न म्हणून पुढच्या रिटर्नवर दाखवलं.

मुलगा दिवाळी करून ठरल्या तारखेला परतला. २०२४ चं रिटर्न क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस म्हणूनच भरलं. टॅक्स ७,४३२ डॉलर, हेड ऑफ हाउसहोल्ड असतं तर ९,४४१. हे लिहीपर्यंत त्यावर कोणतीही विचारणा आलेली नाही. विचारणा आली नाही म्हणजे मान्य झालं, असं मी समजत नाही. पाकीट जपून ठेवलं आहे.

आज हे प्रकरण आलं तर

पुण्याची कागदपत्रं मी मार्चमध्ये वहिनींच्या फोननंतर मागितली. मंडळात निधनाची बातमी कळली तेव्हाच, सांत्वनाला गेलो असताना, कोणा नातेवाइकाला बाजूला घेऊन 'तिकडची खाती बघून घ्या' एवढं सांगता आलं असतं. त्या वेळी ते अवघड वाटलं. आज सांगेन, पण घरच्या माणसालाच, वहिनींना नाही.

दुसरी जागा पूर्णपणे माझी. निधनाच्या वर्षाचं रिटर्न देतानाच पुढची तीन वर्षं एका कागदावर लिहून द्यायला हवी होती. आता तसं करतो. नमुना म्हणून वहिनींचाच कागद: २०२२ जॉइंट. २०२३ आणि २०२४ हयात जोडीदार, मूल आणि घर या अटींवर. २०२५ पासून हेड ऑफ हाउसहोल्ड, त्याच अटी थोड्या सैल होऊन. खाली एक ओळ: घर सोडण्याआधी, मुलाला लांब पाठवण्याआधी किंवा लग्नाचा विचार झाला तर ३१ डिसेंबरच्या आधी फोन करा. ही शेवटची गोष्ट लिहिताना मी अडखळतो, पण लिहितो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा विवाहित असाल तर हे स्टेटस त्या वर्षी मिळत नाही. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्यासाठी आणखी एक ओळ असते: जोडीदाराच्या निधनापासून दोन वर्षांच्या आत घर विकलं, आणि पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर नफ्यावर ५,००,००० डॉलरपर्यंतची सूट मिळू शकते. त्यानंतर ती २,५०,००० वर येते.

एक प्रश्न वहिनींनी अगदी सुरुवातीला विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देणं जड गेलं होतं. यजमान आठवडाभराने, जानेवारीत गेले असते तर? तर २०२३ जॉइंट झालं असतं आणि २०२५ पर्यंत हे स्टेटस मिळालं असतं. "म्हणजे हे तारखेवर ठरतं," त्या म्हणाल्या. हो, तारखेवर ठरतं. मी याहून वेगळं काही सांगू शकलो नाही.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ऑफिसात नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा फॉर्म) दिला आणि त्यावर हेड ऑफ हाउसहोल्डवर खूण केली. पगारातून दर वेळी थोडं जास्त कापलं जाऊ लागलं. जुनाच डब्ल्यू-४ राहिला असता तर वर्षअखेर दोन हजारांच्या आसपास भरणा निघाला असता. मुलगा आता रात्रभर झोपतो. भावाच्या घराचा विषय पुन्हा निघाला आहे, आणि या वेळी वहिनींनी सामान बांधण्याआधी फोन केला.